शनिवारचं पाणी

आमच्याकडे श्रावणात ढग येतात ते थांबायला येत नाहीत. सकाळी पश्चिमेकडून निघतात, दुपारी बारामतीवरून जातात आणि इंदापूरच्या पलीकडे कुठेतरी विरून जातात. वारा मात्र दिवसभर असतो, अंगातला शर्ट फुगवणारा, कोरडा. मध्येच चार थेंब पडतात, रस्त्यावरच्या धुळीत त्यांचे ठिपके उठतात, आणि माणूस वर बघेपर्यंत तेही वाळून जातात. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. फळ्यावर डोंगर काढतो, अलीकडे बाण, पलीकडे बाण, आणि पलीकडच्या बाजूला लिहितो, पर्जन्यछाया. शब्द ऐकायला फार गार वाटतो. त्या छायेत ज्यांनी जन्म काढला त्यांना ऊन काय असतं ते विचारावं.

तरी श्रावणात आमचा मुलूख हिरवा असतो, तो पाटाच्या पाण्यावर. भोरच्या वर, सह्याद्रीच्या कुशीत पाऊस कोसळतो, धरणं भरतात आणि तिथलं पाणी कालव्याने मजल दरमजल करत आमच्याकडे येतं. पाट सुटला की वाऱ्याचा वास बदलतो. ओल्या मातीचा, कुजक्या पालापाचोळ्याचा, थोडा शेवाळाचा वास. काठावरच्या वेड्या बाभळी एकदम टवटवीत दिसू लागतात. बायका धुणी घेऊन येतात. पोरं पुलावरून उड्या मारतात आणि कुणीतरी म्हातारा त्यांना शिव्या देतो.

या श्रावणातही पाट सुटला. कॉलेजकडे जाताना पुलावर स्कूटर थांबवून मी खाली बघत होतो, तेवढ्यात सईचा, माझ्या मुलीचा, पुण्याहून फोन आला.

"बाबा, केबिन बुक केल्या. तळ्याकाठच्या, आपल्या नेहमीच्याच. पुढचा शनिवार. आणि ऐका, मी तात्यांना परस्पर फोन केला. ते येतो म्हणाले!"

तात्या म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणतो. सईला वाटलं मी खूश होईन. मी "बरं झालं" म्हणालो, आणि कठड्याला धरून उभा राहिलो. खालून गढूळ पाणी चाललं होतं, शेळगावच्या दिशेने.

शेळगाव आमचं गाव. कालव्याच्या शेपटाकडे, लोकांच्या भाषेत टेलला. पाणी इथे पोचेस्तोवर वरच्या सगळ्या गावांचं पिऊन झालेलं असतं. ते आपल्या चारीला, म्हणजे रानाकडे येणाऱ्या लहान पाटाला, कधी येणार, हे कालव्याच्या माणसाने सांगायचं आणि आपण त्या वेळी खोरं घेऊन बांधावर हजर राहायचं. याला बारी म्हणतात. बारी चुकली की पाणी पुढच्याच्या रानात जातं, तुमच्यासाठी मागे वळत नाही. त्यामुळे आमच्याकडे 'बारी हाय' एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. साखरपुड्याला जावई आला नाही, बारी होती. मामा अंत्यविधीला उशिरा पोचला, बारी होती. सुतक आणि बारी, या दोन कारणांपुढे प्रश्न नसतो. मी या गावात जन्मलो, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच मी ते वापरू शकलो.

मला एक श्रावण आठवतो. सई तेव्हा शाळेत होती. आमच्या स्टाफरूममधल्या तीन कुटुंबांनी मिळून ठरवलं की धबधब्यांच्या मुलखात जाऊन दोन दिवस राहायचं. भोरच्या वर, धरणाच्या फुगवट्याच्या काठी कुणीतरी लाकडी केबिन बांधल्या होत्या. बाजारच्या दिवशी दादा आणि वहिनी बारामतीला आले होते, दुपारी आमच्याकडे जेवायला. सई मोबाइलवर त्या केबिनचे फोटो बघत होती.

"केबिन म्हंजे?" दादाने विचारलं. "डायवरची असती तसली?"

"नाही हो तात्या. लाकडाची खोली. पुढं ओटा, ओट्यावर बसलं की समोर तळं."

"लाकडाची? एवढ्या पावसात? वाळवी खाती की गं."

"पॉलिश असतं त्याला," मी म्हणालो.

"वाळवीला काय पॉलिश कळतंय?"

सई हसून लोळायला लागली. पण दादा फोन हातातून सोडेना. चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांजवळ धरून तो ते तळं बघत होता. "हेच व्हय आपलं पाणी?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. मग तो म्हणाला, "मी बी येतो."

वहिनीने कपाळाला हात लावला. "जल्मभर पाण्यात हुबं ऱ्हाऊन पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. आनि आता पैसं दिऊन पाणी बघाया जायाचं? बघायचंच हाय तर भिगवणला जावा की. एसटीनं घटकाभराचा रस्ता. श्रावण नसता तर वर मासं बी मिळालं असतं."

"तितलं पाणी भीमेचं. आपलं न्हवं ते."

"पाण्याला काय नाव असतंय व्हय?"

"असतंय. ज्याच्यावर पोट हाय त्याला नाव असतंय." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आपल्याकडं येतंय तवर पार गढूळ झाल्यालं असतंय. दमल्यालं असतंय. निघतंय तवा कसं दिसतंय, तेवढं येकदा बघायचंय."

माणसाच्या इच्छा किती लहान असतात. लहान असल्या म्हणजे त्या सहज मारता येतात.

त्यानंतरचा पंधरवडा मला ऋतू म्हणूनच आठवतो, वर्षाचा एक वेगळा तुकडा असावा तसा. दादा रोज संध्याकाळी फोन करायचा. तिथं चूल पेटवू देतात का? खोलीचा ढाळ कुणीकडं आहे, पाणी आत तर येणार नाही? रात्री साप निघतात का? निघत असतील तर बॅटरी घेतो. इंदापूरहून त्याने रबरी बूट आणले आणि ते घालून अंगणात चालून बघितले. वहिनी मागून म्हणाली म्हणे, "निघालं कलेक्टर पाहणीला!" एकदा फोनवर त्याचा आवाज बारीक झाला. "तुझ्या त्या सर लोकांना, त्यांच्या मॅडमना, आपल्या बाजरीच्या कडक भाकरी चालत्याल का रं? का दुसरं काय करायला सांगू?"

मी म्हणालो, चालतील. आणि मला मनातून राग आला. कशाचा, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

त्या आधीच्या हिवाळ्यात सईच्या वाढदिवसाला दादा आला होता. घरात स्टाफरूममधली मंडळी होती. दादा मोकळा माणूस, अनोळखी म्हणून काही ठेवत नाही. त्याने आल्या आल्या निकम सरांना त्यांचं गाव, आडनाव, पगार, सगळं विचारलं. मग बशीतला चहा आवाज करत पीत त्याने सांगितलं, की मी लहानपणी पाटावरची फळी ओलांडायला भ्यायचो, रडायचो, आणि त्याने मला वर्षभर खांद्यावर बसवून शाळेत नेलं. "आता भूगोल शिकवतोय. समुद्र काढतोय फळ्यावर! पर त्या फळीवर पाय ठिवायला लावा, अजून बी रडंल." खोली हसली. निकम सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. पुढे महिनाभर स्टाफरूमच्या उंबऱ्यापाशी ते मला म्हणायचे, "सर, फळी आहे, जपून." महिन्यानंतर ते विसरले. मी विसरलो नाही. दादाने मला खांद्यावरून नेलं, हे त्या गोष्टीत होतंच की. मला त्यातलं फक्त रडणं ऐकू आलं.

म्हणून, सहलीचं पक्कं होत असताना निकम सर म्हणाले, "तुमचे बंधू येणार? वा! मग करमणुकीची सोय झाली," तेव्हा मी हसलो, आणि संध्याकाळी भानुदासला फोन लावला.

भानुदास माझा शाळेतला वर्गमित्र. कालव्यावर नोकरीला होता, आमच्या भागातल्या चाऱ्यांचं पाणी सोडण्याचं काम त्याच्याकडे. मी विचारलं, पाणी आमच्या चारीला कधी येईल?

"बरं केलंस इचारलंस," तो म्हणाला. "दादांनी सांगितलं मला, लई खुशीत हायती. हे बघ, गोकुळाष्टमीच्या फुडचा शनवार-रविवार तुमची बारी हाय. तेवढा सोडून ठरवा."

मी आभार मानले. आमचं बुकिंग आदल्या शनिवारचं होतं. दादाला अगदी मोकळा शनिवार. मी केबिनवाल्याला फोन केला आणि म्हणालो, आम्हाला एक आठवडा पुढे जाऊ द्या. तो म्हणाला, बरं. दोन फोनांच्या मध्ये मी चहा प्यायलो होतो. म्हणजे विचार करायला वेळ नव्हता असंही मला म्हणता येत नाही.

घरी सांगितलं, आदल्या शनिवारी जागा नाही म्हणाले. बायको म्हणाली, "भाऊजींना बरोबर बारी नको यायला म्हणजे झालं." मी पेपर तपासत होतो, मान वर केली नाही.

दोन-तीन दिवसांनी दादाचा फोन आला. "बारी आली रं," तो म्हणाला. मला त्याच्या मागे कोंबडीचा आवाज ऐकू येत होता. "नवी लागण हाय उसाची. सोडून जमायचं न्हाय. तुमी जावा. पोरीला धबधब्याखाली लई म्होरं जाऊ दिऊ नको."

त्या लागणीत निम्मा ऊस माझा होता. आमची जमीन अजून एकत्र आहे.

निघायच्या दिवशी सकाळी त्याने शेळगावहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पिशवी दिली. आमच्याकडे ही पद्धत आहे. डबा, औषधं, लग्नाच्या साड्या, सगळं एसटीने येतं, फक्त गाडीचा नंबर कळवायचा. मी बारामतीच्या स्टँडवर उभा होतो. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "शेळगावचे सर का? घ्या. भाकरी हायत्या, दाबू नका म्हणाल्यात." पिशवी अजून कोमट होती. वर फडकं बांधलेलं, आत शेंगदाण्याची चटणी, लसणाची वेगळी, आणि कागदात गुंडाळलेली एक बॅटरी.

ती जागा सुंदर होती. मला ती कुरूप आठवली असती तर बरं झालं असतं. लोणंद, शिरवळ मागे पडलं तशी हवा ओली होत गेली, भोरच्या पुढे तर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पाणीच पाणी, डोंगरांच्या अंगावरून पांढरे धागे उतरलेले. केबिनच्या लाकडाला पावसाचा वास होता. ओट्यावर बसलं की खाली तळं दिसायचं, धुक्यात अर्धं बुडालेलं, दुसरा काठ कधी दिसायचा, कधी नाही. आम्ही गरम कांदाभजी मागवली, पण संपल्या त्या दादाच्या भाकरी. निकम सर चटणी बोटाने पुसून खात होते. "सर, तुमचे बंधू यायला हवे होते हो," ते म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. एवढंच होतं तर. त्यांच्या मनात तेव्हाही फारसं काही नव्हतं. जे होतं ते माझ्या मनात होतं.

मी म्हणालो, "काय करणार, बारी असते." सगळ्यांनी मान हलवली.

दुपारी आम्ही धबधब्याखाली होतो तेव्हा दादाचा फोन आला. तो रानात उभा होता.

"कसं हाय रं पाणी?"

"लई स्वच्छ आहे दादा. तळ दिसतो."

"तळ दिसतोय?" त्याला ते खरं वाटेना. "काय तर आवाज येतोय. त्योच का? जरा फोन तिकडं धर की."

मी फोन धबधब्याकडे धरला. हात भिजला, बाही भिजली. पुन्हा कानाला लावला तोवर त्याने ते ऐकून घेतलं होतं. मग म्हणाला, "थांब, आता आपलं बी ऐक." आणि त्याने आपला फोन खाली, सरीजवळ धरला असावा. एक बारीक, खुळखुळणारा आवाज आला. तेच पाणी. इथून निघालेलं, तिथे त्याच्या पायापाशी पोचलेलं, माझ्या उसात शिरणारं. मी ओलाचिंब उभा राहून ते ऐकत होतो. सई ओरडत होती, "बाबा, कोण आहे? तात्या? मला द्या!" मी तिला फोन दिला.

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. पुढच्या वर्षी पुन्हा सहल ठरली आणि दादाने पुन्हा येतो म्हटलं. मी पुन्हा भानुदासला विचारलं. त्याने तारीख सांगितली आणि हळूच म्हणाला, "सोडून ठरवायचं बरं का सर." शाळेपासून मला अरेतुरे करणारा भानुदास त्या दिवशी मला सर म्हणाला, मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग दादाने विचारणं बंद केलं. "तुमी जावा, माझी बारी असंल," तो स्वतःच म्हणू लागला, श्रावण लागायच्या आधीच. मला तारीख बघायचीही गरज उरली नाही. डोंगराने एकदा पाऊस अडवला की पलीकडच्या जमिनीला त्याची सवय होते. बाभळी उगवतात, माणसं राहतात, आणि कुणी डोंगराला विचारायला जात नाही. मी वर्गात हे फार चांगलं शिकवतो.

आता बारी तशी राहिली नाही. दादाने शेततळं केलं, ठिबक केलं. पाणी आलं की मोटर चालू करायची, तळं भरून ठेवायचं. बांधावर उभं राहावं लागत नाही. शेजारचा कुणीही बटण दाबू शकतो. त्याचे गुडघे मात्र गेले. म्हणजे सईने फोन केला तेव्हा माझ्यापाशी कुठलंही कारण शिल्लक नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर पुलावर कठड्याला धरून उभा असताना माझ्या मनाने पहिली गोष्ट केली ती कारण शोधण्याची. धबधब्याच्या पायऱ्या निसरड्या आहेत. गुडघ्यांना सोसणार नाही. हे डोक्यात आपोआप तयार झालं, तेव्हा मला स्वतःची भीती वाटली.

रविवारी मी शेळगावला गेलो.

दादा विहिरीजवळ बसून ठिबकच्या फिल्टरची जाळी ब्रशने घासत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. वहिनी चहा घेऊन आली. "दोन दिस झालं, दारावरनं कुत्रं गेलं तरी त्याला सांगत्यात, धबधब्याला चाललोय म्हनून," ती म्हणाली. "आनि तुमी त्या साली फोनात पाणी ऐकवलं हुतं न्हवं, ते तर समद्या गावाला तोंडपाठ हाय. माझ्या भावानं ओल्या हातानं फोन धरला हुता, म्हनत्यात."

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं का? गेले काही दिवस मी हाच विचार करतो आहे. पण तेव्हा मला वाटलं, हे मनात ठेवून त्याच्याबरोबर त्या ओट्यावर बसणं मला जमणार नाही. मला माझं हलकं व्हायचं होतं. मी सांगितलं. बुकिंग कुठल्या शनिवारचं होतं, भानुदास काय म्हणाला होता, मी तारीख कशी पुढे ढकलली. निकम सरांचं, फळीचं, हसण्याचं, सगळं.

दादा जाळी घासत राहिला. मग त्याने विचारलं, "आनि दुसऱ्या साली?"

"तेव्हाही."

"तिसऱ्या?"

मी मान हलवली. त्याने जाळी पाण्यात बुडवली, वर काढली, उजेडाकडे धरून बघितली.

"मग भानुदासाचं काय?"

मला कळलं नाही.

"त्या साली त्याच्या दारात जाऊन हात जोडलं म्या," तो म्हणाला. "म्हनलं, येक दिस मागं-म्होरं कर, भावाबरूबर जायाचंय. न्हाय म्हनला. म्हनला, दादा, येकाची बारी हलवली की समद्यांची हलती. दुसऱ्या साली पुन्यांदा तोच शनवार. मला वाटलं मुद्दाम करतोय. तवापास्नं तोंड बघितलं न्हाय त्याचं. चावडीवर त्याला शिव्या घातल्या. पोरीच्या लग्नाची पत्रिका घिऊन दारात आलता, म्या चा बी इचारला न्हाय. लग्नाला गेलो न्हाय."

त्या लग्नाला मी गेलो होतो. इंदापूरला, हायवेजवळच्या कार्यालयात. भानुदासने पंगतीत मला आग्रह केला होता आणि विचारलं होतं, "दादा न्हाय आलं?" मी जिलेबी खात होतो. म्हणालो, काम असेल काहीतरी.

"मी जातो भानुदासकडे. सांगतो त्याला," मी म्हणालो.

"तू बस घरी." दादाचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "शनवारी म्या इंदापूरला जातो. त्याची माफी मागतो. चुकलं म्हनतो. तुझं नाव न्हाय काढायचो."

"का नाही? काढ की."

"भाऊ असला निघाला, हे काय गावाला सांगायचं असतंय?"

वहिनी दारात उभी होती. तिला सदा काहीतरी म्हणायचं असतं. ती चहाचे कप उचलून आत गेली. थोड्या वेळाने दादा जाळी बसवायला उठला, गुडघ्यावर हात टेकून, मी हात पुढे केला तो त्याने बघितला नाही. मग तो म्हणाला, "हे सांगायला नको हुतंस तू. मला ते साल चांगलं आठवायचं."

मी गाडीकडे निघालो. जेवायची वेळ झाली होती. त्या घरातून मला आजवर कधी कुणी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी 'जेवून जा' कुणी म्हणालं नाही.

सईला सगळं सांगावं लागलं. ती फोनवर ऐकून घेत होती, शेवटी फक्त म्हणाली, "आणि मी दर वर्षी त्यांना फोटो पाठवायचे, बाबा." तिने केबिन रद्द केल्या. मला विचारलं नाही.

शनिवारी मी इंदापूरला गेलो. दादाने नको म्हटलं होतं तरी गेलो. त्याने माझ्या वाटणीची माफी मागावी आणि मी बारामतीत पंख्याखाली पडून राहावं, हे पुन्हा तेच झालं असतं. सकाळी लवकर निघालो, त्याच्या आधी पोचावं म्हणून. बाजाराच्या मागच्या गल्लीत भानुदासचं घर. दारात दादाच्या वहाणा होत्या. तो पहिल्या एसटीने आला होता.

दोघं आत सतरंजीवर बसले होते. भानुदास आता निवृत्त झालाय, केस पार पांढरे झालेत. "या सर," तो म्हणाला आणि खुर्ची पुढे केली. ते दोघं खाली आणि मी खुर्चीवर. मी खाली बसायला लागलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, कपडे खराब हुतील."

मी बसलो तसाच बोललो. तारखेचं, फोनचं, सगळं. दादा खिडकीबाहेर बघत होता. भानुदासने मला पुरतं बोलू दिलं, आणि म्हणाला, "मला ठाऊक हाय. दादा दारात हात जोडून आलं तवाच कळलं. तुमाला तारीख म्याच सांगितली हुती न्हवं?"

"मग दादाला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? बारी येका दिसाची. भाऊ जल्माचा. मला शिव्या दिल्या तर आमचं काय झिजतंय? कालव्याच्या मानसाला शिव्या खायची सवय असतीय."

दादाने तेवढ्यात मान वळवून भानुदासकडे पाहिलं. मला ती नजर ओळखीची होती. लहानपणी तो माझ्याकडे तसं बघायचा.

चहा आला. माझा कपात, वेगळ्या ट्रेमध्ये, बिस्किटांबरोबर. त्यांचा पितळी बशांमध्ये. मग ते दोघं बोलू लागले, पाण्याबद्दल, कुठली चारी फुटली, कुणी मोटर टाकून पाणी चोरलं, कोण वारलं. बरीच वर्षं साठलेलं बोलणं होतं. माझ्याकडे बघून मध्ये एखादा शब्द टाकावा असं कुणाला वाटलं नाही.

"नोकरीभर पाणी सोडलं," भानुदास म्हणत होता, "पर ते निघतंय कुठनं ते नीट बघायचं ऱ्हाऊनच गेलं. येकदा गेलतो मीटिंगला, भर उन्हाळ्यात. नुसता गाळ हुता."

"चल की मग," दादा म्हणाला.

"कधी?"

"आताच. श्रावण हाय तवर. फुडच्या शनवारी."

"ऱ्हायाचं कुठं?"

दादा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "त्या लाकडी खोल्यांचा नंबर हाय न्हवं तुझ्याकडं?"

मी फोन काढला. नंबर वाचून दाखवला, दोनदा, हळूहळू. भानुदासने तो आपल्या फोनवर लावला, मोठ्या आवाजात गाव सांगितलं, शनिवार सांगितला. पलीकडून किती माणसं म्हणून विचारलं असावं. भानुदासने फोन कानापासून जरा दूर धरला, माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे.

दादाने बशी खाली ठेवली.

"दोघं," तो म्हणाला. "दोघंच सांग."